पर्यावरणपूरक वस्तू : कॉलेजची मुलं कशामुळे वापरतात, कशामुळे नाही? (नाशिककरांनी जरूर लिहा)

रानजाई

नमस्कार मंडळी. मी नाशिकला एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. संशोधन प्रकल्पासाठी विषय घेतलाय : विद्यापीठात शिकणारी मुलं पर्यावरणपूरक वस्तू वापरतात का आणि ते कशावर ठरतं. कॉलेज रोड, गंगापूर रोड, आडगाव, त्र्यंबक रोड अशा भागांतल्या कॉलेजांमधून ओळखीपाळखीने गुगल फॉर्म भरून घेतले. 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत', एक ते पाच.

अडचण ही की उत्तरं फारच गोड आलीत. गोदावरीची काळजी सगळ्यांना आहे. प्लास्टिक वाईट, सगळे पूर्ण सहमत. 'थोडे जास्त पैसे पडले तरी पर्यावरणपूरक वस्तू घ्याल का?' तिथेही चार नाहीतर पाचच. आणि हीच मंडळी फॉर्म भरून झाला की कागदी कपात चहा घेतात आणि वीस रुपयांची पाण्याची बाटली घेऊन लेक्चरला जातात.

मॅडम म्हणाल्या, मानसशास्त्रज्ञ आयझेनची १९९१ ची मांडणी चौकट म्हणून घे. तिच्यात माणसाचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो : त्या गोष्टीबद्दल त्याचं स्वतःचं मत काय, त्याच्या जवळच्या लोकांना काय वाटतं, आणि ते करणं आपल्या हातात आहे असं त्याला किती वाटतं. पहिल्यावर माझ्याकडे ढीगभर आकडे आहेत. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी नेमकं काय विचारायचं तेच सुचत नाहीये. स्टीलची बाटली, कापडी पिशवी, रिफिलचं पेन, बांबूचा ब्रश, मेन्स्ट्रुअल कप, शाडूचा गणपती, कशाबद्दलही अनुभव असेल तर लिहा.

पंचवटीकर

एका शब्दात उत्तर : पैसे. धागा बंद करायला हरकत नाही.

रानजाई

@पंचवटीकर, मीही तेच धरून चालले होते. पण रोज वीस रुपयांची बाटली घेणाऱ्याचे महिन्याला चारपाचशे जातात. तेवढ्यात स्टीलची बाटली येते आणि वर्षानुवर्षं टिकते. मग पैसे वाचवणारा मुलगा ती का घेत नाही?

झेरॉक्सवाले_काका

माझं कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, बरीच वर्षं झाली. पोरांच्या हिशोबाबद्दल दोन गोष्टी सांगतो.

पहिली, पोराकडे महिन्याला किती येतात यापेक्षा आत्ता खिशात किती आहेत हे धरा. घरून पैसे थोडे थोडे येतात, आणि आलेले संपतातही लवकर. साडेतीनशे एकदम काढायचे म्हणजे त्या आठवड्याची मेस बुडाली. वीस रुपये मात्र रोज निघतात, त्यांचा हिशोब कुणी ठेवत नाही. माझ्याकडे रिफिलचं पेन मागणारे पूर्वी खूप होते. आता दहाच्या पेनाला सहाची रिफिल, त्यात ती नेमकी त्याच मापाची मिळेल याचा भरवसा नाही. पोरगं म्हणतं, काका, राहू द्या, नवीनच द्या.

दुसरी गोष्ट तुमच्या मॅडमना दाखवा. पोरं माझ्याकडून प्लास्टिक हौसेने नेत नाहीत, कॉलेज मागतं म्हणून नेतात. प्रोजेक्ट म्हटला की एका बाजूनेच छापायचा, वर पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर, खाली जाड शीट आणि प्लास्टिकची स्पायरल. पाठपोट छापून नेलं की परत पाठवतात. आणि यात पर्यावरण विषयाचे प्रोजेक्टही आले बरं का! दरवर्षी गठ्ठेच्या गठ्ठे बांधून देतो. मुखपृष्ठावर हिरवं झाड, त्यावर प्लास्टिक.

तासिकातत्त्व

काका, माझ्या वर्मावर बोट ठेवलंत. मी हाच विषय शिकवतो, तोही नावाप्रमाणे तासिका तत्त्वावर. पाठपोट घ्यायला माझी ना नाही. पण 'नमुना ठरलेला आहे' म्हटल्यावर माझ्यासारख्याच्या सहीला काय वजन?

थोडी पार्श्वभूमी सांगतो. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा असा आदेश दिला. पुढे पदवीला हा विषय आला तो त्यातूनच. म्हणजे आज कॉलेजात असलेल्या मुलाने शाळेपासून पदवीपर्यंत ओझोन, जलचक्र आणि तीन 'आर' (रिड्यूस, रियूज, रिसायकल) इतक्या वेळा लिहिलेत की झोपेत विचारलं तरी सांगेल. माहिती कमी पडते म्हणून तो पिशवी नेत नाही, हे गृहीतकच काढून टाका. आपल्याकडचे बहुतेक उपक्रम मात्र अजून तिथेच अडकलेत : पोस्टर, घोषवाक्य, निबंध, शपथ, फोटो.

रानजाई, तुमची उत्तरं गोड आली याचं कारण साधं आहे. बरं दिसेल ते उत्तर माणूस देतो. 'तुम्हाला पर्यावरणाची काळजी वाटते का?' याला नाही कोण म्हणेल? मत विचारूच नका, कृती विचारा, तीही नजीकच्या काळातली. 'काल प्यायलेलं पाणी कुठून भरलंत?' 'शेवटच्या खरेदीत पिशवी कुणाची होती?'

आजूबाजूच्या लोकांच्या परिणामाबद्दल एक जुना प्रयोग आठवला. अमेरिकेत गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस यांनी हॉटेलांत केला होता, २००८ ला प्रसिद्ध झाला. खोलीत पाटी लावायची की टॉवेल पुन्हा वापरा. एका पाटीवर पर्यावरण वाचवण्याचं आवाहन, दुसरीवर 'बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात'. दुसरी जास्त चालली. 'याच खोलीत राहून गेलेले बहुतेक पाहुणे' असं लिहिल्यावर तर आणखी. म्हणजे जगाची काळजी एकीकडे, माणूस बघतो तो आपल्या बाकावरचा काय करतोय ते.

खानदेशी_तडका

सर बरोबर बोलले. पण बाटलीचं मी सांगतो भो, मी स्वतः नेत नाही.

पहिल्या वर्षाला आईने स्टीलची बाटली दिली होती. इमाने इतबारे न्यायचो. कॉलेजात कूलर दोन, एक कायम बंद. चालू असलेल्याच्या नळाखाली शेवाळ, टाकी कधी धुतली ते त्या भिंतीवरच्या तक्त्यालाच माहीत, तक्ताही कोरा. दुपारी बाटली संपली की भरायची कुठे? कँटीनवाला म्हणतो बिसलेरी घे. मग रिकामं स्टील दिवसभर पाठीवर वागवायचं, बाहेरून पाणीही विकत घ्यायचं, दोन्ही कशाला? एकदा झाकण सैल राहिलं आन् जर्नल भिजलं, तेव्हापासून बाटली जळगावला.

तुमच्या फॉर्मात मी 'पाणी बाटली : विकतची' लिहिलं. खाली कारण लिहायला जागाच नव्हती.

रानजाई

हे लिहून घेतलं. 'तुमच्या कॉलेजात पिण्याचं पाणी भरवशाचं आहे का' हा प्रश्नच माझ्या फॉर्मात नाहीये. आणि हे सरळ सरळ तिसऱ्या गोष्टीत, म्हणजे 'हातात असण्यात' जातं.

इंदिरानगरची_आई

मी विद्यार्थिनी नाही, विद्यार्थिनीची आई आहे. चालेल ना?

तुम्ही मुलांना विचारताय की कुठली वस्तू वापरता. अगं, घरी राहणाऱ्या मुलांचा साबण, ब्रश, शाम्पू, कपड्यांची पावडर हे सगळं महिन्याच्या वाणसामानात येतं. यादी मी करते. माझी लेक बांबूचा ब्रश हवा म्हणाली, आणला. त्याचे केस नायलॉनचेच निघाले, दांडी काळी पडली, तिनेच टाकला. मग ते शाम्पूचं साबणासारखं वडीसारखं असतं, ते. आमच्या बिल्डिंगला बोअरचं जड पाणी. केस चिकट झाले. ती आता पुन्हा बाटलीवर, आणि मी आपली पूर्वीसारखी शिकेकाई-रिठ्यावर, ज्याला तिच्या लेखी 'इको-फ्रेंडली' म्हणत नाहीत कारण त्याला डबा नाही.

सांगायचं एवढंच, की खरेदीचा निर्णय मुलांचा आहे का, हे आधी विचारा. आमच्या घरात तो तिचा फक्त कपडे, चपला आणि मोबाइलच्या कव्हरपुरता आहे.

पंचवटीकर

काकूंच्या जड पाण्याला अनुमोदन. पण मी अजून पैशावरच आहे. बांबूचा ब्रश शंभराला, साधा वीसला. हे 'पर्यावरणपूरक' म्हणजे वरच्या मजल्यावरच्या लोकांचं फॅड आहे. सामान्य पोराला काही देणंघेणं नाही.

सुरगाण्याची_पोर

दादा, सामान्य पोरगी बोलते आता.

मी सुरगाणा तालुक्यातली, नाशिकला मुलींच्या वसतिगृहात राहते, बी.एस्सी. शेवटचं वर्ष. रानजाईताई, तुझा फॉर्म मी भरला होता. शेवटी गुण दाखवत होता, त्यात मी 'कमी वापर' गटात आले. म्हटलं बघू तरी का. तर विचारलंय काय, सेंद्रिय सौंदर्यप्रसाधनं घेता का, बांबूच्या वस्तू घेता का, पर्यावरणपूरक ब्रँड ओळखता का. माझी पुस्तकं सिनियरची आहेत. स्वेटर बहिणीचा. मोबाइलची बॅटरी दोनदा बदललीय, मोबाइल तोच. येणंजाणं एस.टी.च्या पासवर. गावी लग्नात पळसाच्या पानांवर जेवतो, ती पानं आम्हीच टाचतो. यातलं काहीच तुझ्या फॉर्मात बसत नाही, कारण यातलं मी काहीच 'खरेदी' केलेलं नाही.

दुसरं, मेन्स्ट्रुअल कपाबद्दल, म्हणजे पाळीत पॅडऐवजी वापरायच्या कपाबद्दल. इथे मुली वाचताहेत म्हणून सविस्तर लिहिते. शाळेत असताना अस्मिता योजना आली, २०१८ ला. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. आमच्यातल्या कितीतरी जणींनी पॅड पहिल्यांदा वापरलं ते तेव्हा. इथे आल्यावर एका शिबिरात मेन्स्ट्रुअल कप दाखवला, नीट वापरला तर बरीच वर्षं चालतो म्हणाल्या. पटलं. किंमतही तीनचार महिन्यांच्या पॅडइतकी. पण पाळी सुरू होण्याआधी आणि संपल्यावर तो उकळायचा असतो. कुठे उकळू? खोलीत किटली, शेगडी, हीटर, काहीच चालत नाही, सापडलं की जप्त. मेसच्या गॅसवर कप उकळायला नेऊ का मी? बाथरूम मजल्यावर सामाईक, आतमध्ये बेसिन नाही, पाणी सकाळी ठरावीक वेळ. आणि घरी आईला कळलं तर लग्नाआधी असलं काही वापरू नको म्हणेल, ते वेगळंच.

आमच्या खोलीतल्या एकीने घेतला होता. सुट्टीत घरी असताना वापरते, इथे पॅड. तिला 'वापरते' धरशील की 'नाही वापरत'?

रानजाई

तुझं दोनदा वाचलं गं. उत्तर उद्या सविस्तर देते, आज जमणार नाही.

रसायनी

@सुरगाण्याची_पोर, उत्तम प्रतिसाद. कपाच्या बाबतीत केरळचं उदाहरण आहे. आलप्पुळा नगरपालिकेने २०१९ मध्ये ५,००० कप मोफत वाटले होते. पुढे २०२२ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातल्या कुंबळंगी या गावातही वाटप झालं. पण तुम्ही म्हणता ती उकळायची सोय कप वाटून येत नाही, हे खरंच. वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर कुलूपबंद का होईना एक इलेक्ट्रिक किटली, एवढं मागायला हरकत नसावी.

मला आणखी एक कारण मांडायचंय : विश्वास. पोरं हुशार असतात, एकदा फसली की पुढच्या वेळी खऱ्या वस्तूलाही हात लावत नाहीत. काही नमुने :

कागदी कप. आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा गळेल. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं होतं की १०० मिली गरम द्रव पंधरा मिनिटं अशा कपात राहिला तर सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण त्यात उतरतात. म्हणजे प्लास्टिकचा कप बंद करून कागदी आणला की सुटलो, असं नाही.

'बायो' छापलेली पिशवी. कंपोस्ट होणारं प्लास्टिक वेगळं, आणि साध्या प्लास्टिकमध्ये काहीतरी घालून तुकडे पडतील असं केलेलं वेगळं. पहिल्यालाही बहुतेक वेळा कंपोस्ट प्रकल्पातली उष्णता लागते, कुंडीत पुरून चालत नाही. दुसऱ्याचे फक्त बारीक तुकडे होतात. दुकानात दोन्ही हिरव्याच रंगात.

कापडी पिशवी. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८ चा अहवाल आहे. नवी सुती पिशवी साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला फक्त हवामानबदल धरला तर ५२ वेळा वापरावी लागते, सगळे पर्यावरणीय परिणाम धरले तर ७,१०० वेळा. त्यात उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्याचा हिशोब नव्हता, त्यामुळे प्लास्टिक चांगलं असा अर्थ कुणी काढू नका. पण प्रत्येक परिसंवादात नवी छापील कापडी पिशवी वाटणाऱ्या कॉलेजांनी तो आकडा वाचावा. माझ्या कपाटात तशा इतक्या आहेत की त्या ठेवायला पिशवी लागते. जुन्या साडीची शिवलेली असेल तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडे 'इकोमार्क' हे सरकारी चिन्ह १९९१ पासून आहे, मातीच्या मडक्याचं. किती जणांनी एखाद्या वस्तूवर पाहिलंय? खोट्या हिरव्या दाव्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, 'नैसर्गिक', 'हरित' असे शब्द वापरलेत तर पुरावा द्या अशी. चांगलं आहे. पण कॉलेज रोडवर उभा असलेला मुलगा पुरावा कुठे बघणार?

खानदेशी_तडका

पिशव्या ठेवायला पिशवी 😂 आमच्या रूमवर पण आहे.

कार्डिफचा_पाऊस

मूळचा नाशिकरोडचा, शिकायला वेल्समध्ये होतो. तिथलं सांगतो, इथे किती लागू होईल ते तुम्ही ठरवा.

वेल्सने ऑक्टोबर २०११ पासून दुकानातल्या पिशवीला किमान पाच पेन्स लावले, इंग्लंडने २०१५ ला. पाच पेन्स म्हणजे तिथे काहीच नाही. तरी विद्यार्थी पिशव्या बरोबर ठेवायला लागले. कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढे विद्यापीठांच्या आणि कार्यालयांच्या कॅफेंमध्ये कॉफीच्या कपांवर प्रयोग केला, २०१८ ला प्रसिद्ध झाला. स्वतःचा कप आणणाऱ्याला सवलत दिली तर फरक पडला नाही. कागदी कपाला वेगळे पैसे लावले तर पडला. रक्कम तीच, पण मिळणारी सवलत लोक विसरतात आणि खिशातून जाणारं लक्षात ठेवतात.

तेव्हा @पंचवटीकर, पैसे हे कारण आहेच, फक्त किती यापेक्षा कसे घेता त्यावर आहे.

पंचवटीकर

बरं, अर्धं मान्य. पण इथल्या कँटीनने कपाचे दोन रुपये वेगळे लावले तर पोरं गेटबाहेरच्या टपरीवर जातील. तुमच्या वेल्समध्ये गेटबाहेर टपरी नव्हती.

कार्डिफचा_पाऊस

हे मात्र खरं. टपरी असती तर मीही तिथेच दिसलो असतो.

झेरॉक्सवाले_काका

कँटीनवाल्याचंही ऐका. माझ्या शेजारचाच आहे. पूर्वी त्याच्याकडे काचेचे ग्लास होते. ते धुवायला माणूस लागतो. माणूस टिकत नाही, आणि त्याच्या पगारापेक्षा कागदी कप स्वस्त पडतो. त्यातून साथीच्या काळात सगळ्यांनीच कागदी कप मागितले, ते राहिलेच. पोरांना तिथे कुणी विचारलंच नाही की काच हवी की कागद. समोर येतं त्यात पितात. टपरीवर काच मिळाली तर काचेत पितात, कुरकुर करताना मी कुणाला पाहिलं नाही.

प्लास्टिकबंदीचंही तसंच. राज्याची बंदी २०१८ ला आली तेव्हा दोन महिने पोरं हातात कागद घेऊन जायची, पिशवी मागायची हिंमत नाही. दंडही पहिल्याच वेळी पाच हजार होता. मग तपासणी सैल झाली, पिशव्या परत. २०२२ च्या जुलैत केंद्राची बंदी आली, पुन्हा तेच. तीच पोरं, तीच मतं. बदलली ती तपासणी.

तासिकातत्त्व

काका, तुम्ही प्रबंध लिहा.

एक वेगळं उदाहरण देतो, कारण सगळंच निराशाजनक नाही. गणेश विसर्जनाच्या वेळी गोदाकाठावर 'देव द्या, देवपण घ्या' म्हणत मूर्ती स्वीकारणारी मुलं सगळ्यांनी पाहिली असतील. ते काम विद्यार्थ्यांनीच उचललं. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घरीच बादलीत अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवायची पद्धत पुण्याच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने) काढली, तिचाही प्रसार मुलांनी केला. हीच मुलं वर्षभर कागदी कपात चहा पितात. मग इथे का बदलली? माझ्या मते, हातात काम आहे, दहा मित्र बरोबर आहेत, घाटावर लोक बघताहेत, आणि लगेच परिणाम दिसतो : एवढ्या मूर्ती पाण्यात गेल्या नाहीत. बांबूच्या ब्रशाने एकट्याने दात घासताना यातलं काहीच नसतं.

मात्र खोलीवर गणपती बसवणारी मुलं शाडूची मूर्ती घेतात का, हे विचारा. शाडू जड, ठिसूळ, महाग, आणि बाईकवर मागे बसून मांडीवर आणायची. तिथे उत्तर बदलेल.

इंदिरानगरची_आई

सर, आणि खोलीवरच्या गणपतीची वर्गणी काढणारा एक असतो, मूर्ती निवडणारा दुसरा. घरीही तेच असतं म्हणा.

रानजाई

सगळ्यांचे आभार, खरंच. काल मॅडमशी बोलले. फॉर्म नव्याने करतेय. असं ठरवलंय :

'काळजी वाटते का' हा सगळा गठ्ठा कमी करून दोनच प्रश्न ठेवले. त्याऐवजी पाणी कुठून भरता, ती जागा भरवशाची आहे का, चहा कशात मिळतो, काचेचा पर्याय समोर असतो का. प्रोजेक्ट पाठपोट चालतो का, हा तर वेगळा प्रश्नच. घरच्या वस्तूंची खरेदी कोण ठरवतं. पैसे महिन्याचे एकदम येतात की थोडे थोडे. 'मित्रांना काय वाटतं' असं न विचारता 'तुमच्या बाकावरच्या किती जणांकडे स्वतःची बाटली असते'.

@सुरगाण्याची_पोर, तुझ्यासाठी एक पूर्ण विभाग टाकलाय : दुरुस्त केलेल्या, दुसऱ्याच्या वापरलेल्या, न घेता भागवलेल्या वस्तू. शीर्षकातही 'खरेदी' काढून 'वापर' केलंय. मॅडम आधी तयार नव्हत्या, आधीच्या संशोधनांच्या प्रश्नावल्यांशी तुलना होणार नाही म्हणाल्या. शेवटी जुने प्रश्नही ठेवायचे, हे वेगळे मोजायचे, यावर तोडगा निघाला. मेन्स्ट्रुअल कपाच्या प्रश्नाला तीन पर्याय केलेत : वापरते, फक्त घरी असताना वापरते, वापरत नाही. आणि खाली कारणाला जागा, @खानदेशी_तडका.

सुरगाण्याची_पोर

छान ताई. हॉस्टेलसाठी मात्र कागदावरचा फॉर्म दे. मोबाइलवर बाजूची बघत असते, कपाचं उत्तर खरं कुणी देणार नाही. कागदावर नाव नको, आणि गोळा वॉर्डन मॅडमनी करायचं नाही. मी करेन.

तासिकातत्त्व

हे महत्त्वाचं. आणि विश्लेषणात घरी राहणारे, वसतिगृहातले आणि भाड्याच्या खोलीवरचे असे तिघांचे आकडे वेगळे ठेवा. एकत्र सरासरी काढलीत तर आत्तापर्यंत इथे जे निघालं ते सगळं त्यात बुडेल. कागदावरचे आणि मोबाइलवरचे फॉर्मही एकमेकांत मिसळू नका, शक्यतो वसतिगृहाबाहेरही थोडे कागदावर घ्या.

पंचवटीकर

माझ्यासारख्या नोकरी करून शिकणाऱ्यांचा चौथा गट टाका. आमची खरेदी आम्हीच ठरवतो, तरी ब्रश वीसचाच.

रानजाई

टाकते. तुम्हीच भरा पहिला.